रबराचा चौथा वेढा

कॉलेजपासून माझ्या केसांना रबराचे तीन वेढे लागायचे. एका सकाळी घाईघाईत पोनी बांधली, तिसरा वेढा झाला तरी रबर ढिलंच लागलं, म्हणून आणखी एक पीळ दिला. चौथा वेढा सहज बसला. त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला, कारण मी आरशासमोर भांग पाडून बघत बसले होते. भांग म्हणजे रेघ असायला हवी. माझा पट्टा झाला होता.

मग मोजायचं वेड लागलं. न्हाणीघरातल्या जाळीवर अडकलेले केस मी टिश्यू पेपरवर पसरायचे आणि दहा-दहाच्या जुड्या करून मोजायचे. रोज 50 ते 100 केस गळणं नेहमीचंच, एवढं माहीत होतं. माझा पहिला आकडा 214 आला. आई दारातून बघत म्हणाली, "अगं, मोजून काय परत येणारेत ते?" तिचं बरोबर होतं, पण मला थांबवेना.

डॉक्टरांकडे जायच्या आधी मी केसांच्या एका सेंटरमध्ये जाऊन आले, ते आधीच सांगून टाकते. समोर बसलेली मुलगी डॉक्टर नव्हती. तिनं माझं डोकं मोबाइलच्या टॉर्चनं बघितलं, जाडजूड फाइल उघडून आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले आणि आठ पीआरपीचं पॅकेज आजच घेतलं तर सवलत मिळेल म्हणाली. (पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट एकवटलेला प्लाझ्मा, रक्ताचा पिवळसर पातळ भाग, डोक्यात टोचायचा.) "केस शंभर टक्के येणार, मॅम." रक्त तपासायचं नावही नाही. फोटोंतल्या 'आधी'च्या डोक्यावर वरून झगझगीत उजेड होता आणि केस ओलसर होते. 'नंतर'च्या डोक्यावर मऊ उजेड आणि नुकतंच केलेलं ब्लो-ड्राय. मी विचार करून कळवते म्हटलं. अजून विचार चालू आहे.

स्किनच्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न केसांबद्दल विचारलाच नाही. "गेल्या चार-सहा महिन्यांत काही मोठं आजारपण?" झालं होतं. साडेतीन महिन्यांपूर्वी सणसणीत ताप आला होता, आठवडाभर अंथरुणात होते. त्यांनी मान डोलावली आणि कागदावर एक वर्तुळ काढून केसाचं आयुष्य समजावलं. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ आवरती घेतो, मग तीनेक महिने नुसता बसून राहतो आणि शेवटी गळतो. एरवी डोक्यावरचे 85 ते 90 टक्के केस वाढीच्या टप्प्यात असतात. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपासमारीचं डाएट असा धक्का बसला की त्यातले पुष्कळसे एकदम बसकण मारतात आणि तीन महिन्यांनी एकदमच गळतात. म्हणजे माझ्या जाळीवरचे केस तापातच गेले होते, मला फक्त बातमी उशिरा आली.

"ह्या गळतीला काही करायचं नसतं. ती आपोआप थांबते, केसही भरून येतात." मी सुटकेचा श्वास टाकतेय तोवर त्यांनी डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, भांगेला टेकवला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. स्वतःचं डोकं इतक्या जवळून बघायची माझी पहिलीच वेळ. एका छिद्रातून दोन-दोन, तीन-तीन केस यायला हवेत, माझ्या भांगेपाशी बहुतेक ठिकाणी एकच होता. एक केस दोऱ्यासारखा जाड, त्याच्या शेजारचा कोळिष्टकासारखा. मग त्यांनी तेच भिंग मानेच्या वर, मागच्या बाजूला लावलं. तिथे सगळे सारखे, गच्च. समोर विरळ आणि मागे दाट, शिवाय जाड-बारीक केसांची अशी सरमिसळ, ही आनुवंशिक विरळपणाची खूण. ह्यात मूळ एकदम मरत नाही. ते दर फेरीला थोडं आखडतं आणि दर वेळी आधीपेक्षा बारीक, आखूड केस देतं. मला आत्याचा भांग आठवला. ती कायम पदर डोक्यावर घेऊन असायची, ते काही रीत म्हणून नव्हे, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

थोडक्यात, मला दोन दुखणी होती आणि तापानं दुसऱ्यावरचं पांघरूण ओढून काढलं होतं.

पीआरपीचा विषय मीच काढला. त्या म्हणाल्या, "करू, पण आत्ता नाही. आत्ता केलं तर तापाची गळती तशीही थांबणार आहे, आणि श्रेय पीआरपी घेऊन जाईल." हे वाक्य ऐकलं आणि मी ह्याच डॉक्टरांकडे राहायचं ठरवलं. तोवर रक्ताच्या तपासण्या झाल्या: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, फेरिटिन, थायरॉइड, बी 12, ड जीवनसत्त्व, शिवाय एचआयव्ही आणि कावीळ बी व सी. बाकी सगळं ठीक निघालं, फेरिटिन मात्र 14. शरीराची लोहाची साठवण तळाला गेली होती. गोळ्या सुरू झाल्या. रात्री भांगेत लावायला 5 टक्क्यांचं मिनॉक्सिडिल दिलं आणि वर बजावलं, "पहिले काही आठवडे गळती वाढल्यासारखी वाटेल, घाबरून बंद करू नका." वाढली. मी घाबरले. बंद मात्र केलं नाही. (हे औषध मुळात रक्तदाबाचं. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर लव वाढायला लागली, तेव्हा त्याचा दुसरा उपयोग सापडला आणि 1988 मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावायचं औषध म्हणून मंजूर झालं. कुणाचा दुष्परिणाम कुणाच्या कामाला येईल, सांगता येत नाही.)

चार महिन्यांनी जाळीवरचा आकडा 70-80 वर आला. भांग मात्र जिथल्या तिथे. आता पीआरपीची पाळी.

प्लेटलेट म्हटलं की आपल्याला डेंग्यू आठवतो आणि त्यांचा एकच उपयोग ठाऊक असतो: रक्त गोठवणं. पण जखम झाली की प्लेटलेट आपल्या पोटातल्या बारीक बारीक पिशव्या फोडतात आणि त्यांतून वाढीला चालना देणारी प्रथिनं बाहेर पडतात. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात, पेशी वाढाव्यात, असे ते निरोप असतात. त्या प्लेटलेट एकवटून आखडलेल्या मुळांपाशी नेऊन सोडायच्या, म्हणजे मुळं वाढीच्या टप्प्यात येतील आणि तिथे जास्त दिवस टिकतील, हा सगळा खटाटोप. जिथे मूळच उरलेलं नाही, टाळू गुळगुळीत झाली आहे, तिथे काही उगवत नाही. डॉक्टरबाईंनी हेही स्पष्ट केलं की महिन्याच्या अंतरानं तीन सिटिंग, मग दर सहा महिन्यांनी एक, आणि हे 'बरं करणं' नव्हे, धरून ठेवणं आहे.

पहिल्या सिटिंगला मी डोकं धुऊन, भरपूर पाणी पिऊन गेले. संमतीपत्रावर सही केली. नर्सनं हातातून दोन निळ्या टोपणाच्या ट्यूब भरून रक्त घेतलं, मिळून 20 मिली. रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये आधीच सायट्रेट असतं. मी दोन्ही ट्यूबवर माझं नाव लिहून घेतलं आणि ते वाचूनही बघितलं. नर्स हसली, पण मी चेष्टा करत नव्हते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका विनापरवाना स्पामध्ये चेहऱ्यावर हाच प्लाझ्मा टोचून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली होती. 2018 मध्ये तो स्पा बंद झाला, आणि त्या लागणीचा धागा तिथवर पोचतो हे सीडीसीनं, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेनं, 2024 मध्ये जाहीर केलं. उपचारात दोष नव्हता. एकाची सुई किंवा एकाचं रक्त दुसऱ्याला, हा तो दोष असावा. त्यामुळे नावाची चिठ्ठी आणि डोळ्यांसमोर फोडलेलं सुईचं पाकीट ह्या दोन गोष्टींत मी भिडस्तपणा करत नाही.

सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त गरगर फिरवून त्याचे थर वेगळे करणारं यंत्र, कोपऱ्यात होतं, प्रेशर कुकरएवढं. समोरासमोरच्या खाचांत माझ्या दोन ट्यूब बसल्या आणि झाकण लागलं. आधी घरघर, मग एकसुरी शीळ. दहाएक मिनिटांनी ट्यूब बाहेर आल्या, तेव्हा रक्ताचे थर झाले होते: खाली गडद लाल गाळ, वर गवती पिवळं पाणी आणि दोहोंच्या मध्ये दुधाच्या सायीसारखी पुसट पांढुरकी रेघ. वरचं पिवळं आणि सायीचा भाग नर्सनं अलगद ओढून दुसऱ्या ट्यूबमध्ये घेतला आणि पुन्हा फिरवायला ठेवला. ह्या खेपेला ट्यूब एकच होती, म्हणून समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाची पाण्याची ट्यूब. नाहीतर यंत्र थडथडतं. दुसऱ्या फेरीनंतर वरचा पातळ प्लाझ्मा बाजूला काढून टाकला आणि तळाचा घट्टसर भाग हलवून सिरिंजमध्ये भरला. 20 मिली रक्ताचे उरले 4 मिली. पिवळसर, किंचित गुलाबी झाक असलेले.

तोवर डॉक्टरबाईंनी भूल दिली. दोन्ही भुवयांच्या वर, जिथून कपाळाच्या नसा वर डोक्याकडे जातात, तिथे एकेक इंजेक्शन. खरं दुखतं ते हे. सुई सोसते, पण औषध आत शिरताना भाजल्यासारखी जळजळ होते, आणि मनात पंधरापर्यंत आकडे म्हणावे तोवर ती पसरत राहते. मग कपाळ दगडाचं झालं. भुवया उंचवून बघितल्या, उंचावल्यात की नाही ते कळेना.

त्यानंतर भांगेच्या दोन्ही बाजूंनी, सेंटिमीटर-सेंटिमीटरवर, केसाएवढ्या सुईनं थेंब-थेंब. दुखत नव्हतं, पण ऐकू येत होतं. डोक्याच्या कातडीत सुई शिरताना कर्र्, कर्र् असा बारीक आवाज होतो, कोरड्या पानावर पाय पडावा तसा, आणि तो कवटीतून थेट कानात पोचतो. ह्याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी टोचे मोजत होते. (मोजायची खोड.) 31 पर्यंत बरोबर मोजले, मग सुई टाळूच्या मागच्या भागाकडे सरकली, जिथे कपाळाची भूल पोचत नाही, आणि हिशेब सुटला. तिथला टोचा न् टोचा कळला. नर्स एका हातानं बर्फाची पिशवी पुढेपुढे सरकवत होती. "झालंच, झालंच," असं ती आठ वेळा म्हणाली. आठ मात्र मी मोजले.

एकूण टोचणं दहा-बारा मिनिटांत संपलं. केसांत रक्ताचे ठिपके वाळले होते, डोकं लहान मापाची टोपी घातल्यासारखं आवळलं होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत केस धुवायचे नाहीत, दोन दिवस व्यायाम आणि ऊन नको, दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल, आयब्युप्रोफेन नको. का, तर सूज उतरवणाऱ्या गोळ्या प्लेटलेटचं कामच रोखतात, आणि आपण तर त्यांना कामाला लावायला बसलोय.

हा नियम मी ऐकला आणि विसरले. दुसऱ्या सिटिंगच्या दोन दिवस आधी गुडघा दुखला म्हणून सवयीनं घरातली गोळी घेतली. तिथे गेल्यावर नर्सनं नेहमीचा प्रश्न विचारला, मी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि मला दारातूनच परत पाठवलं. आठवड्यानंतरची तारीख. तेव्हा राग आला होता. पण विचारलंच नसतं, तर मी रक्त देऊन, टोचून घेऊन, पैसे भरून, अर्धवट झोपलेल्या प्लेटलेट डोक्यात घेऊन घरी आले असते.

पहिल्या सिटिंगनंतर सूज आली ती तिसऱ्या दिवशी, आणि डोक्यावर नाही, तर भुवयांच्या मध्ये. टोचलेलं पाणी खाली उतरत येतं, हे आधी सांगितलेलं असूनही सकाळी आरशात बघून मी दचकले. नाकाचा वरचा भाग सपाट, डोळे रडून उठल्यासारखे. ऑफिसात दोघींनी हळूच "घरी सगळं ठीक ना?" विचारलं. दोन दिवसांत उतरली. पुढच्या दोन खेपांना शुक्रवार धरला.

तिसरी सिटिंग पहिल्यासारखीच, फक्त आता कर्र् आवाजाची सवय झाली होती. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरी परीक्षा नंतर असते, कारण नंतर काहीच होत नाही. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो. आज मूळ जागं झालं तरी ते दिसायला तीन-चार महिने. त्या काळात मी रोज भांग बघायचे आणि रोज वेगळं मत व्हायचं. तेल लावलं की विरळ, धुतले की दाट. लिफ्टच्या दिव्याखाली सगळंच संपलेलं. ताईनं एकदा वैतागून माझ्या फोनमधले भांगेचे फोटो मोजले. 60 निघाले, आणि एकाही दोन फोटोंत उजेड सारखा नव्हता. सेंटरमधल्या ज्या फाइलला मी नाकं मुरडली, तीच फाइल मी घरी तयार करत होते.

डॉक्टरबाईंची पद्धत रुक्ष होती. तीच खुर्ची, तोच पांढरा दिवा, खिडकीचा पडदा ओढलेला, केस आदल्या दिवशी धुतलेले आणि कोरडे, भांग कंगव्याच्या टोकानं पाडलेला. दोन भुवयांच्या मध्यापासून टेपनं 12 सेंटिमीटर मोजून जिथे टेप संपते, तिथेच डर्मोस्कोप. पहिल्या सिटिंगच्या आधी त्या जागी एका चौरस सेंटिमीटरमध्ये 134 केस होते. तिसरी सिटिंग होऊन चार महिने झाले तेव्हा 149. कोळिष्टकासारखे केस कमी झाले होते, एकेकट्या केसांच्या जागी काही जोड्या दिसत होत्या.

मी म्हटलं, "म्हणजे लागू पडलं."

त्या म्हणाल्या, "काहीतरी लागू पडलं."

आणि हे त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. मी त्याच काळात मिनॉक्सिडिल लावत होते. फेरिटिन 14 वरून 52 वर गेलं होतं. तापाची गळती भरून यायचा शेवटचा टप्पाही त्यातच येत होता. ह्या चौघांपैकी त्या 15 केसांचं श्रेय कुणाचं? डोक्याच्या अर्ध्या भागात पीआरपी आणि अर्ध्या भागात मिठाचं पाणी टोचून केलेल्या चाचण्या आहेत. पुष्कळ ठिकाणी पीआरपीची बाजू सरस ठरली, पण स्त्रियांवरच्या एका चाचणीत केसांच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक आलाच नाही. शिवाय कुणी रक्त एकदा फिरवतं कुणी दोनदा, कुणाचं यंत्र प्लेटलेट दुपटीनं एकवटतं कुणाचं पाचपटीनं, आणि सगळ्यांचं नाव एकच: पीआरपी. हे ऐकल्यावर माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला, पीआरपीवरचा होता तेवढाच राहिला.

एक गोष्ट मात्र मी स्वतः बघितली. भांगेच्या कडेनं बोटाच्या पेराएवढे केस उभे राहायला लागले होते. आई पाण्याचा हात फिरवून ते बसवायला बघायची. "हे काय शेंडे उभे राहिलेत तुझे?" मला वाटलं, तुटतायत. डॉक्टरबाईंनी त्यातला एक भिंगाखाली धरला. तुटलेल्या केसाचं टोक बोथट असतं, ब्रशच्या दात्यासारखं. नव्या केसाचं टोक निमुळतं, कारण त्याला अजून कात्री लागलेली नसते. माझ्या केसाचं टोक निमुळतं होतं. घरी येऊन मी ताईचं शिवणाचं भिंग घेतलं आणि आरशात डोळे तिरळे होईपर्यंत एकेक टोक तपासलं.

सहा महिन्यांनंतरची तारीख मी घेतली आहे. जाईन बहुतेक. मिनॉक्सिडिल रात्रीचं रात्रीच्या वेळी चालू आहे, ते सोडलं तर मिळवलेलं काही महिन्यांत जातं, आणि तेवढी जोखीम घ्यायची माझी तयारी नाही. जाळीवरचे केस मोजणं बंद केलं.

रबराचं सांगायचं राहिलं. तिसरी सिटिंग झाल्यावरही चौथा वेढा बसतच होता आणि मी मनातून खट्टू व्हायचे, डॉक्टरबाईंचे 149 मला पटायचे नाहीत. एकदा ते रबर ताईच्या हातात पडलं. तिचे केस माझ्या दुप्पट, कमरेपर्यंतचे. तिनं ते बांधलं, एक वेढा, दोन, तीन, चार, आणि माझ्याकडे बघितलं. "किती वर्षं वापरतेयस हे? ह्याचा जीव कधीच गेलाय."

नवीन आणलं. त्याला तीनच वेढे बसतात. आता नवं रबर घट्ट असतंच म्हणा.